संडासची टाकी भरून वाहतेय, तीन कोटेशन आलीत, कुठलं धरू?

प्रश्न : नमस्कार. आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, आई-बाबा तिथेच असतात, मी नोकरीसाठी डोंबिवलीला. घर १९९८ चं, चिऱ्याचं, मागच्या परसात संडासची टाकी आणि तिच्यापुढे शोषखड्डा. टाकी कधी उपसल्याचं बाबांना आठवत नाही. गेली काही वर्षं पावसात फ्लश केल्यावर पाणी हळूहळू उतरायचं, पण यंदा गणपतीत घर भरलेलं असताना टाकीच्या झाकणाच्या कडेने पाणीच वर आलं, परसभर वास, आणि विहीर शोषखड्ड्यापासून जेमतेम ४० फुटांवर आहे त्यामुळे आई धास्तावलीये. तीन जणांना दाखवलं. पहिला म्हणतो १२ हजारात माणूस आत उतरवून टाकी साफ करून देतो आणि वर पावडर टाकतो. दुसरा म्हणतो शोषखड्डा गेलाय, शेजारीच नवीन मारू, ५५ हजार. तिसरा सगळं काढून प्लास्टिकची रेडिमेड टाकी बसवायचे १ लाख ६० हजार सांगतोय, निम्मे आधी द्या, दिवाळीच्या आत करून देतो म्हणतो. बाबांना पहिला पटलाय कारण गावातलाच आहे. मला मधला बरा वाटतोय. कुठलं कोटेशन धरावं?

उत्तर : कोटेशनवर येतोच, पण त्याआधी दोन गोष्टी आजच करा, त्या थांबण्यासारख्या नाहीत.

एक, विहीर. आईंना सांगा की पिण्याला आणि स्वयंपाकाला विहिरीचं पाणी सध्या नकोच, दुसरीकडून आणता येत असेल तर आणा आणि अगदीच नाईलाज असेल तर खळखळ उकळून घ्या. पाणी दिसायला स्वच्छ आहे, वास नाही, यावर अजिबात जाऊ नका, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना कसा पाठवायचा ते त्याला माहीत असतं, जंतूंच्या तपासणीसाठी बाटली मात्र प्रयोगशाळेतली निर्जंतुक केलेलीच वापरा, घरातली शीतपेयाची बाटली धुऊन चालत नाही. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकायला हरकत नाही पण घाण पाणी झिरपत राहिलं तर टीसीएलचा उपयोग तेवढ्यापुरताच.

दुसरी गोष्ट, तो १२ हजारवाला. माणूस आत उतरवणार असेल तर त्याला आजच नाही म्हणून सांगा, आणि बाबांनाही हे नीट समजावा कारण गावातला ओळखीचा माणूस म्हटला की आपण गप्प बसतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात आणि ऑक्सिजन जवळजवळ नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं हवा बरी आहे आणि तो तिथेच कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, थेट असो की कोणामार्फत, आणि घरमालक म्हणून तुम्हीही त्यातून सुटत नाही. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेचं एक वेळ सोडून द्या, कोणाच्या तरी घरातला कमावता माणूस आपल्या परसात मरू शकतो, एवढं कारण पुरेसं आहे. टाकी सक्शनच्या गाडीनेच उपसायची, गाडी दारापर्यंत येत नसेल तर लांब पाईपवाली शोधायची.

आता कोटेशन. तुम्ही १२ हजार, ५५ हजार आणि १ लाख ६० हजार हे एका ओळीत लिहिलेत म्हणून गोंधळ होतोय, कारण या तिघांनी एकाच कामाचा भाव दिलेलाच नाहीये. एकाने टाकी साफ करायचा दिला, दुसऱ्याने शोषखड्ड्याचा, तिसऱ्याने टाकी बदलायचा. आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तिघांपैकी एकानेही बिघाड नक्की कुठे आहे हे तपासलेलं दिसत नाही, झाकण उघडून पातळी बघितल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आधी बिघाड शोधा, मग कामाचा एकच कागद तयार करा आणि तोच तिघांना द्या, तरच भावांची तुलना होईल.

बिघाड शोधायला फार काही लागत नाही, टाकीतल्या पाण्याची पातळी बरंच सांगते. झाकण सरकवताना जवळ बिडी, काडी, काही पेटतं नको, वारा पाठीमागून येईल असं उभं राहा आणि आत वाकून बघू नका, लांबून बॅटरी मारा. टाकीतून शोषखड्ड्याकडे पाणी नेणारा जो आउटलेटचा पाईप असतो, चांगल्या टाकीत पाणी बरोबर त्याच्या तळाशी टेकलेलं दिसतं. पातळी बरोबर आहे आणि तरी कमोड तुंबतोय तर दोष कमोड ते टाकी या लाइनमध्ये. पातळी आउटलेटच्या बरीच खाली असेल तर टाकी गळतेय, आणि विहीर जवळ असताना हे सगळ्यात वाईट. पातळी आउटलेटच्या वर चढली असेल तर पाण्याला पुढे जायला वाट नाहीये. तुमच्याकडे झाकणातून पाणी आलं म्हणजे ही तिसरी गोष्ट आहे, यात फारशी शंका नाही.

मग शोषखड्ड्याचं झाकण उघडून बघायचं. खड्डा रिकामा आणि टाकी तुडुंब असेल तर मधला पाईप किंवा आउटलेटचा टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा तुकडा) चोंदलाय, ते काम किरकोळ आहे, एका दिवसात होतं आणि ५५ हजारांचा प्रश्नच उरत नाही. खड्डाही भरलेला असेल तर तो शोषत नाहीये. सक्शनची गाडी टाकी उपसत असताना बाबांना तिथे उभं राहायला सांगा, टाकीची पातळी खाली गेल्यावर शोषखड्ड्यातलं पाणी आउटलेटच्या पाइपातून उलटं टाकीत यायला लागलं तर पक्कं समजा.

शोषत का नाही याची कारणं दोन असू शकतात आणि इथेच पैसा वाया जातो किंवा वाचतो. टाकी इतकी वर्षं उपसलीच नाही तर खाली गाळ आणि वर साय असं करत मधली जागा संपते, मैला टाकीत थांबतच नाही, थेट खड्ड्यात जातो आणि खड्ड्याच्या भिंतींवर काळा बुळबुळीत थर धरतो, त्यातून पाणी मुरत नाही. हे एक. दुसरं म्हणजे पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी वर येतं आणि खड्डा त्या पाण्यात उभा राहतो, मग त्यातलं पाणी जाणार कुठे? तुमचा त्रास पावसातच होतो यावरून मला दुसरं कारणही मोठं वाटतंय. बाबांना विचारा, श्रावणात विहिरीचं पाणी काठापासून किती हातांवर असतं. आणि डिसेंबरात परत एकदा खड्डा उघडून बघा, तोवर तो आपोआप उतरलेला असेल तर मुख्य कारण भूजलच. तसं असेल तर त्याच जागी त्याच खोलीचा नवा खड्डा पुढच्या श्रावणात असाच भरणार, मग तो ५५ हजारांत मारलेला असो की फुकटात.

म्हणून तुम्हाला बरा वाटतोय तो मधला माणूसही मला जसाच्या तसा मान्य नाही. त्याने रोग बहुतेक बरोबर ओळखलाय, पण 'शेजारीच' म्हणजे कुठे? सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये शोषखड्डा विहिरीपासून कमीत कमी १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा असं आहे. तुमचा आत्ताचाच ४० फुटांवर आहे. त्यात आपला जांभा म्हणजे भोकाभोकांचा, भेगांचा दगड, मातीत जसं पाणी गाळलं जातं तसं भेगेत गाळलं जात नाही, सरळ पळतं. त्यामुळे कोकणात मी हे ६० फूट कमीत कमीच समजतो, जागा असेल तर आणखी लांब आणि विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला जा. पाणी वर येत असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ चर काढा, अर्धा ते एक मीटर खोल, त्यात खडी आणि भोकांचा पाईप, एक चर ३० मीटरपेक्षा लांब नको, गरज पडली तर दोन काढा. वर माती टाकून झाकलं की दिसतही नाही, फक्त त्यावरून गाडी न्यायची नाही आणि जवळ माड, आंबा नको, मुळं शिरतात.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. पाणी मुरत नसताना टाकी बदलून उपयोग काय? नवी टाकीही जुन्या खड्ड्यालाच जोडणार असेल तर पुढच्या गणपतीत तेच. टाकी उपसल्यावर बाहेरून बॅटरी मारून भिंती बघा, आत उतरायचं नाही, लांबी-रुंदी वरून काठीने मोजा. त्याच मानकाच्या तक्त्यात ५ माणसांना आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली धरलीये, २० माणसांना २.३ मीटर, १.१ मीटर आणि १.३ मीटर. तुमची टाकी रोजच्या दोन माणसांना पुरत असेल, गणपतीतल्या गर्दीला पुरते का ते या मापांवरून कळेल. टाकी गळत असेल किंवा फारच छोटी असेल तरच तिसऱ्याचा विचार करा, आणि तेव्हा त्याला लिटरमध्ये क्षमता लिहून मागा, 'मोठी साइज' असं कागदावर चालणार नाही.

कामाचा कागद तुम्ही स्वतः लिहा, साध्या मराठीत, ठेकेदारावर सोडू नका. टाकी मशीननेच उपसणार, माणूस आत जाणार नाही हे पहिल्या ओळीत. मग आउटलेटला टी बसवणं, चर कुठे काढणार ते विहिरीपासूनच्या अंतरासकट, पाइपाचा व्यास आणि ढाळ, टाकीतला वायू वर सोडणाऱ्या व्हेंट पाइपला डासांची जाळी, झाकण घट्ट बसणारं, जुना खड्डा उपसून दगडमातीने बुजवणं, निघालेली माती कुठे टाकणार. आणि कोकणात सगळ्यात जास्त भांडण ज्यावरून होतं ते म्हणजे कातळ, खणताना कातळ लागला तर जास्तीचा दर किती हे आधीच लिहून घ्या, नाहीतर ५५ चे ८० हजार कधी झाले कळणार नाही. जीएसटी धरून की वेगळा, मटेरियल कोणाचं, हेही लिहा.

निम्मे पैसे आधी देऊ नका. साहित्य आल्यावर थोडे, चर खणून पाईप टाकल्यावर थोडे, असं टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के पुढचा गणपती पार पडल्यावर द्यायचे असं ठरवा. जो माणूस कामाबद्दल खात्रीचा असेल तो थोडी कुरकुर करून हे मान्य करतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही डोंबिवलीला, त्यामुळे चर बुजवायच्या आधी मोजपट्टी धरून फोटो पाठवायचे आणि फोटो बघितल्याशिवाय माती ओढायची नाही, हीही अट टाका.

दिवाळीच्या आतची घाई कशाला? जमीन ओली असताना खणलं की चराच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि मुरण्याची ताकद तिथेच जाते. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. तोवर टाकी एकदा उपसून घ्या, आणि न्हाणीघराचं, वॉशिंग मशीनचं पाणी त्या टाकीत जात असेल तर ते तोडून विहिरीपासून लांबच्या केळी-माडांकडे वळवा, संडासचं पाणी सोडून बाकी काही आत जाऊ देऊ नका. छपराच्या पन्हळीचं पाणी तिकडे जात नाही ना तेही बघा. दोन माणसांच्या घरात एवढ्यावर हिवाळा आरामात निघतो. आणि गावातल्या त्या पहिल्या माणसाला खणकामाचा भाव विचारा की, मशीनची अट मान्य असेल तर त्याला काम द्यायला काय हरकत आहे, बाबांचंही मन राखलं जाईल.

प्रश्न : आम्ही उदगीरजवळ राहतो, काळी माती आहे. तीन वर्षांपूर्वी बांधलेला शोषखड्डा पावसाळा लागला की शोषत नाही. दुकानदार बॅक्टेरियाची पावडर देतोय, म्हणतो दर महिन्याला टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही. खर्च कमी आहे म्हणून विचारतेय, घ्यावी का?

उत्तर : ताई, नका घेऊ. टाकीला लागणारे जिवाणू मैल्यासोबत रोजच आत जातात, ते विकत आणायची गरज नसते. त्यांना मारणाऱ्या गोष्टी मात्र आपण ओततो, अ‍ॅसिड, फिनेल, ते बंद केलं तर पावडरीपेक्षा जास्त फरक पडेल. जिवाणू कितीही चांगले असले तरी न कुजणारा गाळ तळाशी साचतोच, त्यामुळे 'कधीच उपसावी लागणार नाही' हे खोटं आहे. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायचीच. आपल्याकडे वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी तर घराघरातली टाकी तीन वर्षांतून एकदा आळीपाळीने उपसायची पद्धतच लावली, लोकांनी तुंबल्यावर फोन करायची वाट बघायची नाही, गाडीच दारात येते. तुमच्या नगरपरिषदेत किंवा पंचायतीत अशी मागणी करायला काय हरकत आहे.

तुमचा खरा प्रश्न मातीचा आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पाणी गडप होतं आणि वाटतं खड्डा छान चाललाय, पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागचं हलत नाही. कोणाचंही कोटेशन घ्यायच्या आधी एक चाचणी घरीच करा. जिथे नवा खड्डा किंवा चर घ्यायचाय तिथे त्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचं भोक घ्या, तळाला थोडी खडी टाका, आदल्या रात्री पाण्याने भरून माती पूर्ण भिजू द्या, सकाळी परत थोडं पाणी घालून पट्टी लावा आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. तासाभरात इंचभरही उतरलं नाही तर तिथे कितीही मोठा खड्डा मारा, पैसे मातीत. बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम असतो, तिथपर्यंत जाऊन चाचणी परत करा, मुरमात पाणी चांगलं जिरतं, पण तिथे पावसाळ्यात भूजल लागत नाही ना आणि जवळ बोअर-विहीर नाही ना हे बघूनच. मुरूम फार खोल असेल तर जमिनीच्या वर भराव करून त्यात चर काढतात, किंवा खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून पाणी फिरवतात, त्याला जागा जास्त लागते. ठेकेदाराला चाचणीचे आकडे दाखवा, आणि 'त्याची काही गरज नाही ताई' म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा.

प्रश्न : नाशिकच्या बाहेर रो हाऊस आहे, जमिनीत प्लास्टिकची टाकी आहे. गाडीवाला म्हणतो पूर्ण रिकामी करू नका, थोडं ठेवा. तो काम चुकवतोय का?

उत्तर : नाही, यात तरी तो बरोबर आहे. तळाला थोडा गाळ राहिला तर जिवाणू लवकर परत वाढतात. प्लास्टिकच्या टाकीत दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, भर पावसात आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर ती खालून उचलली जाऊ शकते, पाईप तुटतात, कधी भिंत आत दबते. म्हणून उपसायचं काम उन्हाळ्यात करा आणि उपसल्यावर लगेच साधं पाणी भरून घ्या. टाकी बसवताना खाली काँक्रीट घालून ती बांधली होती का हे बिल्डरला विचारून ठेवा. गाडीवाल्याला मात्र दुसरा प्रश्न विचारा, गाडी रिकामी कुठे करणार? मैला प्रक्रिया केंद्रावर जात असेल तर तिथली पावती मिळते का बघा आणि मगच पैसे द्या. जवळच्या नाल्यात किंवा कोणाच्या शेताच्या बांधावर सोडणार असेल तर कितीही स्वस्त पडला तरी त्याला बोलावू नका.